एसडीओंपुढचं बयाण म्हणजे ठाण्यातली रिपोर्ट नव्हे

पोलिसांच्या गोळीने घरातलं माणूस घरातच गेलं की दुसऱ्या दिवशी गावभर एकच बोलणं असतं: 'चौकशी लागली.' पेपरवाले तेच छापतात आणि पुढच्याच ओळीत त्याला 'तपास' म्हणतात. या दोन शब्दांच्या घोळात घरच्यांचे पहिले, सगळ्यात मोलाचे महिने हातचे जातात.

तपास काय असतो ते वेगळं सांगायला नको. ठाण्यात रिपोर्ट, एफआयआर, पंचनामे, अटक, दोषारोपपत्र. मर्ग मात्र एफआयआर नव्हे, ती फक्त आकस्मिक मृत्यूची नोंद.

चौकशी करतात दंडाधिकारी, आपल्याकडे बहुधा एसडीओ (उपविभागीय अधिकारी), भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली (जुनं १७६). मृत्यू कसा झाला, एवढाच तिचा प्रश्न. जाहीर सूचना निघते, बयाणं होतात, अहवाल जातो. नातेवाइकांना शक्यतो कळवायचं आणि हजर राहू द्यायचं, हे कायद्यातच आहे. मानवाधिकार आयोगाच्या २०१० च्या सूचनांनुसार ती शक्यतो ३ महिन्यांत संपावी.

पण या चौकशीत कोणाला आरोपी करून अटक होत नाही, दोषारोपपत्रही निघत नाही. खरा घात इथे होतो. बाई तहसीलवर जाते, एसडीओ साहेबांपुढे सगळं सांगते, अंगठा देते आणि 'रिपोर्ट दिली' म्हणून घरी येते. ते बयाण असतं. त्यावर ठाण्यात आपोआप गुन्हा नोंदला जात नाही. बदलापूर प्रकरणात (आरोपी अक्षय शिंदे पोलिसांच्या गोळीने गेला; ते घरातलं नव्हे, पोलीस गाडीतलं) दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने ५ पोलिसांना जबाबदार धरलं. तो जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयापुढे आला, तरी गुन्ह्यासाठी ७ एप्रिलला उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

'गुन्हा दाखल' ही बातमी वाचूनही थांबू नका. आरोपीच्या रकान्यात नाव कोणाचं ते बघा. अनेकदा ते मेलेल्या माणसाचंच असतं: पोलिसांवर जीवघेणा हल्ला, भारतीय न्याय संहितेचं कलम १०९ (जुनं ३०७). म्हणून स्वतःची लेखी रिपोर्ट द्या, तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. ठाण्याने नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा आणि पावती जपा. तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. आरोप कर्तव्यावरच्या सरकारी नोकरावर असेल तर न्यायदंडाधिकारी आदेशाआधी त्याच्या वरिष्ठांचा अहवाल मागवतात आणि त्याचं म्हणणंही विचारात घेतात, त्यामुळे वेळ लागतो. नोंद झालीच तर एफआयआरची प्रत फुकट मिळते आणि ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

घटना घरातली असल्याने पुरावाही घरातच असतो. सुतकात सडा-सारवण करायची घाई होते, ती करू नका. रक्ताची माती, रिकाम्या पुंगळ्या, कुडात रुतलेली गोळी, टिनाला पडलेलं भोक, सगळं जागेवर राहू द्या. दाराची कडी आतून तुटली की बाहेरून, यावर पोलिसांचं म्हणणं टिकतं किंवा पडतं. हात न लावता फोटो काढा. पंच म्हणून सही करणाऱ्याने आधी पंचनामा पूर्ण वाचावा. कोऱ्या कागदावर सही देणारा पंच घरच्यांचं सगळ्यात मोठं नुकसान करतो.

शवविच्छेदन तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात उरकू देऊ नका. पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात २३ सप्टेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: जिल्हा रुग्णालयात, २ डॉक्टरांकडून, चित्रीकरणासह. वापरलेली शस्त्रं तपासणीसाठी जमा व्हायला हवीत. तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्यायचा. आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी याच्या जोडीला, याच्या बदल्यात नव्हे. ज्या ठाण्याने गोळी झाडली त्याच ठाण्याकडे तपास राहिला, तर घरच्यांना थेट जिल्ह्याच्या सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते. त्या अर्जासोबत पोच आणि टपालाची पावती जोडा.