वारा पाठीवर घ्या: आयर्लंडच्या मेयो काउंटीतला धावण्या-सायकलिंगचा आठवडा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर येणारा प्रत्येक जण पावसाबद्दल विचारतो. वाऱ्याबद्दल कुणी विचारत नाही. पाऊस अंगावरून निघून जातो, पण समोरचा वारा पायांतलं बळ काढून घेतो. तुम्ही ताशी १५ किमी वेगाने चालला आहात आणि समोरून २५ चा वारा आहे, तर अंगावर येते ती ४० किमीची हवा. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. सपाट रस्त्यावरही घाट चढल्यासारखं का वाटतं, ते यावरून कळेल. म्हणून आमच्या या आठवड्याच्या सहलीतल्या दिवसांचा क्रम खाली दिला असला, तरी कोणत्या दिवशी कुठून कुठे जायचं हे आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज पाहूनच पक्कं होतं. क्रम बदलला तर कृपया नाराज होऊ नका, त्यात फायदा तुमच्याच मांड्यांचा आहे.

मुख्य वाट

आठवड्याचा कणा म्हणजे ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे. वेस्टपोर्टहून न्यूपोर्ट आणि मलरॅनीमार्गे अकिल बेटापर्यंत जाणारी ही वाट सुमारे ४२ किमीची आहे. (नकाशावर स्पेलिंग 'अचिल' वाचावंसं वाटतं, लोक 'अकिल' म्हणतात.) ही १९३७ मध्ये बंद पडलेली रेल्वेलाइन. न्यूपोर्ट ते मलरॅनी हा सुमारे १८ किमीचा टप्पा २०१० मध्ये सायकलींसाठी खुला झाला आणि बाकीचे त्यानंतर. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून वाट बहुतेक ठिकाणी सपाट आहे. पण काही जागी मूळ रूळमार्ग सोडून वाट शेतांच्या कडेने वळवलेली आहे, आणि तिथे छोटे पण चांगलेच खडे चढ अचानक समोर येतात. वळणाआधीच हलका गिअर टाका. चढावर जोर लावताना गिअर बदलला की चेन उतरते.

या रेल्वेबद्दल अकिलमध्ये एक जुनं भाकीत सांगतात: पहिली आणि शेवटची गाडी मृतदेह घेऊन येईल. १८९४ मध्ये स्कॉटलंडला शेतमजुरीसाठी निघालेली ३२ माणसं क्लू उपसागरात बुडाली, त्यांचे देह या लाइनवरून आणले गेले. १९३७ मध्ये स्कॉटलंडमधल्या कर्किंटिलक इथे लागलेल्या आगीत अकिलचे १० तरुण मजूर गेले, त्यांनाही याच लाइनने घरी आणलं. वाटेवरून जाताना हे ठाऊक असलेलं बरं.

वाट मोठ्या प्रमाणावर खाजगी शेतांतून जाते, ती शेतकऱ्यांच्या परवानगीने. आयर्लंडमध्ये कुणाच्याही जमिनीवर फिरण्याचा सरसकट हक्क नाही. कुंपण ओलांडून फोटोसाठी आत शिरू नका. फाटक जसं सापडेल तसं सोडा: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. कुंपणाची पातळ तार विजेची असू शकते. झटका जीवघेणा नसतो, पण ओल्या हाताने चांगलाच लागतो.

दिवसांचा क्रम

शुक्रवार. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून वेस्टपोर्टची थेट गाडी मिळते, प्रवास सव्वातीन तासांच्या आसपास. स्वतःची सायकल आणणार असाल तर गाडीत सायकलींसाठी जागा मोजक्याच असतात, तिकिटाबरोबरच ती आरक्षित करा. संध्याकाळी अर्धा तास चाला, एवढंच. विमानात बसून आखडलेल्या पायांनी त्याच दिवशी धावलात की पोटरी धरते.

शनिवार. सकाळी ९:३० ला ५ किमीची पार्करन, म्हणजे दर शनिवारी होणारी सामुदायिक धाव. फुकट आहे, पण वेळ नोंदवून हवी असेल तर घरूनच नाव नोंदवून बारकोड छापून आणा. दुपारी सायकली अंगाला बसवून घ्यायच्या.

रविवार. वेस्टपोर्ट ते न्यूपोर्ट आणि परत, मिळून साधारण २५ किमी. हा दिवस सायकलची ओळख करून घेण्याचा आहे, वेगाचा नाही. न्यूपोर्टला सात कमानींचा जुना रेल्वेपूल आहे, त्यावर आता चालत आणि सायकलने जाता येतं.

सोमवार. फक्त धावणं, ६ ते १० किमी, न्यूपोर्टच्या पश्चिमेला बरिशूलच्या पंधराव्या शतकातल्या मठाच्या अवशेषांपर्यंतच्या भागात. सायकलनंतरच्या दिवशी पहिले दोन किमी पाय शिशाचे वाटतात. ते आजारपण नव्हे. सायकलवर मांडीचा पुढचा भाग दमतो आणि कंबर वाकलेली राहते, धावताना ती सरळ व्हायला वेळ घेते. पावलं लहान ठेवा.

मंगळवार. मोठा दिवस. इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो, म्हणून आम्ही तुम्हाला आणि सायकलींना गाडीने अकिलला सोडतो आणि तुम्ही वेस्टपोर्टकडे परत येता. पहिले १३ किमी मलरॅनीपर्यंत, तिथे पोटभर जेवण, मग न्यूपोर्टपर्यंत १८, आणि शेवटचा टप्पा. चार ते पाच तास धरा, थांबे धरून. पूर्वेचा वारा असेल त्या दिवशी उलटं: सायकलने जायचं, गाडीने यायचं. वेस्टपोर्टहून निघून तोंडावरच्या वाऱ्यात अकिल 'जिंकण्याचा' हट्ट धरणारे मलरॅनीला पोचेपर्यंत इतके थकतात, की शेवटचे १३ किमी, म्हणजे सगळ्यांत सुंदर भाग, मान खाली घालून काढतात.

बुधवार. विश्रांती. ही रिकामी जागा भरून काढू नका. ७६४ मीटर उंचीचा क्रोग पॅट्रिक डोंगर समोर दिसत राहतो आणि मोह होतो, पण त्याच्या शेवटच्या टप्प्यावर सुटे दगड आहेत आणि उतरताना गुडघ्यांची कसोटी लागते. त्याच्या पायथ्याशी मरिस्कला १९९७ मध्ये उभारलेलं, १८४० च्या दशकातल्या आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळाचं राष्ट्रीय स्मारक आहे: ब्राँझचं जहाज, दोरखंडांच्या जागी सांगाडे. ते आवर्जून पाहा.

गुरुवार. पुन्हा अकिल बेट, कीलच्या लांब पुळणीवर धावणं. ओहोटीला वाळू घट्ट असते तेव्हाच धावा. भरतीला वरची भुसभुशीत वाळू उरते आणि तिच्यात घोट्यामागची शीर ताणली जाते. वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावर ठरते, म्हणून कधी सकाळी सात, तर कधी दुपार. ज्यांना दम आहे त्यांनी पुढे सायकलने कीम किनाऱ्यापर्यंत जावं. रस्ता समुद्राच्या कड्यालगत चढतो आणि मग एकदम खाली कोसळतो. उतरताना लक्षात ठेवा, परतीला हाच उतार चढ होणार आहे.

शुक्रवार. निरोप.

सायकल बसवून घेणं

सायकली हायब्रिड, म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणाऱ्या, टायर ३८ मिमीचे. सीटची उंची अशी मोजा: पॅडल सगळ्यांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे बरेच जण दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवतात. शहरात ते चालतं, पण ४२ किमीत गुडघ्याच्या वाटीपुढे दुखायला लागतं. वाटीमागे दुखलं तर उलट, सीट फार वर आहे. अर्धा-अर्धा सेंमी हलवून पाहा.

हवा: ७० किलो वजनाला ४५ ते ५० पीएसआय, ९० किलोला ५५ ते ६०. दगडाच्या बारीक चुरीवर टायर टणक भरला तर हात बधिर होतात आणि वळणावर चाक घसरतं. व्हॉल्व्ह बारीक दांडीचा आहे: टोकावरची चिमुकली चकती आधी सैल करायची, मगच हवा जाते. जोर केला तर दांडी वाकते.

पिशवीत दोन ट्यूब, टायर काढायचे तीन लिव्हर, पंप आणि ४, ५, ६ मिमीच्या ॲलन की दिलेल्या आहेत. पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा आणि काटा काढा, नाहीतर दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. सप्टेंबरपासून हे जास्त होतं. पक्ष्यांच्या विणीसाठी १ मार्च ते ३१ ऑगस्ट कुंपणाच्या झाडोऱ्याची छाटणी कायद्याने बंद असते, ती उठली की शेतकरी छाटायला घेतात आणि गावरस्त्यांवर काट्यांचा सडा पडतो. जून ते ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी याची चिंता करू नये.

पावसात ब्रेक लागायला एक क्षण जास्त घेतात, तेवढं आधी दाबा. गुरांना अडवण्यासाठी रस्त्यात लोखंडी गजांची जाळी असते, ती ओली असताना निसरडी होते. हँडल सरळ ठेवून, पॅडल न मारता, ब्रेक न लावता काटकोनात पार करा. रोज संध्याकाळी चेन फडक्याने पुसून तेलाचे मोजके थेंब आणि जास्तीचं तेल पुन्हा पुसणं. दगडाची भुकटी आणि तेल मिळून जो खरखरीत लगदा होतो, तो गिअरचे दात खातो.

रस्त्यावर

वाहनं डावीकडून, आपल्याकडच्यासारखीच, आणि उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा. त्यामुळे सवय मोडावी लागत नाही. सायकल डावीकडून. पण पदपथ नसेल तिथे धावायचं मात्र उजवीकडून, समोरच्या वाहनाकडे तोंड करून. गावरस्त्यांची वेगमर्यादा फेब्रुवारी २०२५ पासून ८० वरून ६० किमी झाली आहे, तरी दोन्हीकडे उंच झाडोरा आणि मध्ये एका गाडीपुरता रस्ता असताना ६० सुद्धा खूप असतो. आंधळ्या वळणाआधी कान उघडे ठेवा. इअरफोन नको.

हॉर्न वाजवत नाहीत. मागून गाडी आली तर ती मुकाट मागे राहील, रुंद जागा मिळाल्यावर तुम्ही बाजूला व्हा. समोरचा चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, तो नमस्कार आहे, तुम्हीही बोट उचला. ग्रीनवेवर डावीकडून चालवा आणि चालणाऱ्यांना मागून घंटी द्या. काळ्या तोंडाच्या मेंढ्या अकिलच्या रस्त्यावर बसलेल्या असतात. त्या शेवटच्या क्षणी उठतात, आणि नेमक्या तुमच्या चाकासमोर. अकिलचा काही भाग आयरिश भाषेचा प्रदेश आहे, तिथे पाट्याही आयरिश. चौकात 'गेल श्ली' अशी पाटी दिसली तर वाट द्या.

हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही, आमच्याकडे मात्र सक्तीचं आहे. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्याने लागतोच. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवा विसरला जातो. मदतीसाठी फोन ११२.

कपडे, खाणं, कागद

पश्चिमेकडे वर्षात सुमारे २२५ दिवस थोडाफार पाऊस पडतो. कोकणातल्या मुसळधारेची कल्पना करू नका. हा झिमझिम पाऊस, येतो आणि वीस मिनिटांत जातो. छत्री निरुपयोगी, उलटी होते. रेनकोटही सायकलवर शिडासारखा फुगतो. अंगाला बसणारं पातळ वॉटरप्रूफ जॅकेट आणा. उन्हाळ्यात तापमान १५ च्या आसपास असतं: चालवताना गरम होतं, आणि थांबलात की दोन मिनिटांत हुडहुडी भरते. थांबताच जॅकेट घाला, थंडी वाजल्यावर नको. सुती बनियन नको, ते ओलं राहतं.

बुटांचे दोन जोड हवेतच. ओला जोड वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवला की सकाळपर्यंत घालण्याजोगा होतो. हीटरवर ठेवला तर तळ सुटतो. गवतातून किंवा नेच्यांतून धावलात तर अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे आणि जांघेत गोचीड आहे का पाहा. निघाली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा, तेल किंवा काडी लावू नका. नंतर तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.

थंडीत तहान लागत नाही, पण घाम जातो. सायकलवर तासाला अर्धा लिटर पाणी प्या. नळाचं पाणी प्यायला चांगलं. शाकाहाऱ्यांनी आधी कळवावं: सकाळी ओटची पेज, सोडा ब्रेड, अंडी चालत असतील तर अंडी, हे सगळीकडे मिळतं, पण दुपारी गावातल्या हॉटेलात सुपाशिवाय पर्याय कमी असतात, आणि सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारावं लागतं. शेंगदाण्याची चिक्की खिशात ठेवायला उत्तम. पेढे, बर्फी, तूप मात्र आणू नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवासी सामानात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. शेंगेन व्हिसा हातात असला तरी भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा व्हिसा वेगळा लागतो, त्यासाठी वेळ हाताशी ठेवून अर्ज करा. चलन युरो. विजेचा सॉकेट ब्रिटिश पद्धतीचा, चपट्या चौकोनी तीन दांड्यांचा. आपली गोल पिन बसत नाही.

किती तयारी लागते, आणि आम्ही कधी नाही म्हणतो

निघण्याआधी आठ आठवडे हाताशी असावेत. त्या अखेरीस ४० किमी सायकल आणि दुसऱ्या दिवशी ६ किमी धावणं, हे दोन्ही दिवस लागोपाठ जमलं पाहिजे. वेग कितीही चालेल.

अंदाजात वारा ताशी २५ किमीपर्यंत असेल तर दोन्ही दिशा चालतात. ४० पर्यंत असेल तर फक्त पाठीवर घेऊन. ५० च्या वर झोत सांगितले असतील, किंवा हवामान खात्याचा नारिंगी वा लाल इशारा असेल, तर सायकली बाहेर निघत नाहीत. बाजूच्या वाऱ्याचा एक झोत फाटकातून बाहेर पडताना सायकलस्वाराला रस्त्याच्या मध्यापर्यंत नेतो. त्या दिवशी बुधवारची विश्रांती पुढेमागे करून घेतो. तेही जमलं नाही तर गाडीभाडं परत मिळतं, सायकलभाडं नाही.

शेवटच्या सकाळी सायकल परत देताना धुवायची गरज नाही. कुठे पडलात, गिअर कुठे अडकला, कुठला ब्रेक आवाज करतो, एवढं सांगा. बुटांच्या तळातला चिखल मात्र तिथेच झाडून घ्या.