धोकादायक मोठ्या श्वापदांसाठी रायफलीचे कॅलिबर

गवा, हत्ती किंवा वाघ अंगावर आला तर त्याला जागीच थांबवण्यासाठी नळीचा व्यास (कॅलिबर), गोळीचे वजन, बांधणी आणि वेग यांचा मेळ बसवावा लागतो. बेळगाव सीमाभागात हा प्रश्न खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबी आणि भीमगडच्या रानातील गव्यांमुळे, तसेच दांडेलीकडून येणाऱ्या हत्तींमुळे पडतो. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. अनुसूची १ मधील, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेला, प्राणी माणसाच्या जिवावर उठला आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा हलवणे शक्य नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक कलम ११ खाली लेखी आदेश देऊन त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. चिकमगळूरहून आणून भीमगडात सोडलेल्या वाघाने खानापूर तालुक्यात एका महिलेचा बळी घेतला. डिसेंबर २०१४ मध्ये त्याला गोळी घालण्यात आली.

गावाकडे दिसते ती ठासणीची किंवा बाराबोरी बंदूक. बारा बोर म्हणजे एक पौंड शिशातून नळीच्या मापाचे बारा गोल गोळे निघतील असा व्यास. एक गोळा सुमारे ३८ ग्रॅमचा. वजन भरपूर, पण मऊ शिसे गव्याच्या खांद्यावर चपटे होऊन मांसातच थांबते. छऱ्यांनी तर जनावर फक्त जखमी होते, आणि झाडीत शिरलेला जखमी गवा हा सर्वांत वाईट प्रसंग. परवान्यावर मिळणारी .३१५ (म्हणजे ०.३१५ इंच व्यासाची) रायफल रानडुकराला पुरते. गव्यासाठी ती अपुरीच.

आफ्रिकेतील अनेक देशांत अशा जनावरांसाठी .३७५ ही कायदेशीर किमान मर्यादा आहे. हॉलंड अँड हॉलंड या ब्रिटिश बंदूक कंपनीचे .३७५ मॅग्नम काडतूस (१९१२) साधारण १९.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने फेकते. त्यावर .४१६ रिग्बी (१९११) आणि .४७० नायट्रो एक्सप्रेस. .४५० कॅलिबर मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात बंद केले, कारण बंडखोरांच्या हाती पडलेल्या मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलींना तेवढ्याच व्यासाच्या गोळ्या चालतील अशी भीती होती. म्हणून .४६५, .४७०, .४७५ पुढे आली.

व्यासापेक्षा गोळीची बांधणी महत्त्वाची. हलकी सॉफ्ट नोज (मऊ टोकाची) गोळी हाडावर फुटते. सॉलिड (न फुलणारी, कडक) गोळी आरपार जाते, त्यामुळे मागे दुसरे जनावर वा माणूस नाही हे आधी पाहावे लागते. गव्याच्या पाठीवर खांद्यापासून निम्म्या पाठीपर्यंत कण्याचा उंचवटा असतो. देहाच्या दिसणाऱ्या आकाराचा मध्य धरून मारलेली गोळी त्यामुळे वर जाते. हृदय छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, पुढच्या पायाच्या रेषेत असते.

धक्का सोसवत नसेल तर मोठे कॅलिबर घेऊ नये. डोळे मिटून घोडा ओढणाऱ्याच्या हातातले .४७० हे स्थिर हातातल्या .३७५ पेक्षा केव्हाही धोक्याचे. उन्हात तापलेल्या काडतुसात दाब वाढतो आणि रिकामी पुंगळी (काडतुसाचे पितळी कवच) नळीत अडकते. म्हणून रिग्बी, नायट्रो यांसारखी कमी दाबाची, मोठ्या पुंगळीची काडतुसे उष्ण प्रदेशात विश्वासाची ठरली. .४५८ विंचेस्टरच्या (१९५६) आखूड पुंगळीत दारू दाबून भरावी लागे, तिचा गठ्ठा होऊन वेग घटल्याच्या तक्रारी होत्या. दुनळी रायफल एकाच वजनाच्या गोळीवर जुळवलेली असते; काडतूस बदलले की दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका जागी पडत नाहीत.