निराशावाद्याची चूक त्याला कळते कशी?

‘प्रत्येक निराशावाद्याच्या पोटात एक दुखावलेला आदर्शवादी असतो’ असं एक वाक्य सुविचार म्हणून मोबाईलवर फिरत असतं. सुविचारांशी माझं फारसं जमत नाही, पण यात तथ्य आहे आणि ते वाटतं त्यापेक्षा बरंच चमत्कारिक आहे. साधा हिशेब केला तर पोळलेला आदर्शवादी निराशावादी व्हायलाच नको, तो वास्तववादी व्हायला हवा. अपेक्षा ऐंशीची होती, अनुभव चाळीसचा आला, तर अपेक्षेने खाली उतरून चाळीसवर थांबावं. ती पंचवीसवर जाऊन का बसते?

आधी ती उतरते कशी ते पाहू. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशींचं काम बारीक तारांनी ऐकलं. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोरात तडतडायच्या. मग रसाच्या आधी एक खूण द्यायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी खुणेलाच तडतडू लागल्या आणि रस आल्यावर ढिम्म. खूण देऊन रस दिलाच नाही, तर मात्र नेमक्या त्याच क्षणी, रस यायला हवा होता तेव्हा, पेशी नेहमीपेक्षाही शांत व्हायच्या. म्हणजे या पेशी रस मोजत नव्हत्या. अपेक्षा आणि अनुभव यांतला फरक मोजत होत्या. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्याबरोबर शुल्ट्झनी 1997 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ही मांडणी केली. हा फरक ‘भाकितातली चूक’ म्हणून ओळखला जातो. (डोपामिन म्हणजे ‘सुखाचं रसायन’ आणि शनिवार-रविवार मोबाईल बंद ठेवून त्याचं ‘डिटॉक्स’ करता येतं, असं सांगणाऱ्यांनी ही माकडं एकदा पाहावीत. मोबाईल जरूर बंद ठेवा, पण डोपामिन काही आतड्यातला मळ नव्हे.)

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये हेच माणसांत तपासलं. मोबाईलवर छोटा जुगारासारखा खेळ, आणि मध्येमध्ये प्रश्न: आत्ता किती खूश आहात? अठरा हजारांहून जास्त लोक खेळले. एकूण किती जिंकलो यावर खुशी फारशी अवलंबून नव्हती, अपेक्षेपेक्षा किती जास्त मिळालं यावर होती. लगेच ‘म्हणून अपेक्षाच ठेवू नका’ असा उपदेश करायची घाई नको. त्याच आकडेमोडीत निकाल लागण्याआधी नुसती चांगली अपेक्षा असण्यानेही खुशी वाढत होती.

आता माझ्या आवडीचा भाग. इथे थोडं गणित आहे, पण ते पाचवीतलं आहे.

रॉबर्ट रेस्कोर्ला आणि अ‍ॅलन वॅग्नर यांनी 1972 साली शिकण्याचं एक सूत्र मांडलं. सोपं करून लिहायचं तर: नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + वेग × (अनुभव − जुनी अपेक्षा). वेग म्हणजे नव्या अनुभवाला आपण किती भाव देतो. तो अर्धा धरू. सोसायटीचा नवा, उत्साही सेक्रेटरी घ्या. ओला-सुका कचरा वेगळा करायला लावायचा, ही त्याची मोहीम. त्याची अपेक्षा 80. प्रत्येक वेळी यश 40 इतकंच मिळालं, तर अपेक्षा 60, 50, 45 अशी उतरत चाळीसला टेकते. इथपर्यंत सगळं ठीक.

पण खरं आयुष्य दर वेळी चाळीस देत नाही. समजा कधी 10 मिळतात, कधी 70, शक्यता सारखीच. सरासरी चाळीसच राहते. आणखी एक अट घाला: मोहीम राबवायचा ताप 30 चा आहे. दारोदार फिरायचं, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ ऐकून घ्यायचं. म्हणजे अपेक्षा 30 च्या खाली गेली की माणूस प्रयत्न सोडणार. खरी सरासरी 40 आहे, तेव्हा प्रयत्न करत राहणं फायद्याचं आहे.

पहिल्या दोन्ही वेळी 10 आले तर? 80 वरून 45, 45 वरून 27.5. खेळ खलास. दर चारांपैकी एका सेक्रेटरीचं नशीब असं निघणार. आणि खेळ पुरेसा लांबला की बाकीच्यांनाही कधीतरी अशी वाईट रांग गाठतेच.

यातली मेख पुढे आहे. दोन्ही वेळा 70 मिळालेल्याची अपेक्षा 72.5 वर असते. तीही चूकच, पण तो प्रयत्न करत राहतो, पुढे 10 मिळतात, चूक दुरुस्त होते. ज्याची 27.5 वर थांबली तो प्रयत्नच करत नाही, त्यामुळे त्याला नवा अनुभव मिळत नाही, आणि सूत्रात घालायला आकडाच उरत नाही. त्याची अपेक्षा वर्षानुवर्षं 27.5 च राहते आणि तो ती ‘अनुभवाचे बोल’ म्हणून इतरांना ऐकवतो. जास्त आशा ठेवण्याची चूक आपोआप सुधारते, कमी आशेची सुधारत नाही. जेर्कर डेनरेल आणि जेम्स मार्च यांनी 2001 मध्ये संस्थांच्या निर्णयांबद्दल लिहिताना हे दाखवून दिलं होतं.

प्रयोगशाळेतही ते दिसलं. रसेल फाझियो आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये एका संगणकी खेळाचा प्रयोग प्रसिद्ध केला: वेगवेगळ्या आकारांच्या, कमी-जास्त ठिपक्यांच्या घेवड्याच्या बिया. काही खाल्ल्या की गुण वाढतात, काही खाल्ल्या की घटतात. न खाल्ल्यास काहीच कळत नाही. खेळाच्या शेवटी लोकांना वाईट बिया नीट ओळखता येत होत्या, पण कित्येक चांगल्या बियांनाही ते वाईट म्हणत होते. एकदा संशय आला, पुन्हा तोंडाला लावली नाही, संशय पक्का. मग खेळ बदलला: बी खाल्ली नाही तरी ती कशी होती हे दाखवायचं. तेव्हा हा फरक जवळपास नाहीसा झाला.

साडेसातीचं गणितही असंच चालतं. चंद्रराशी, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा बारापैकी तीन राशी शनीच्या तावडीत, म्हणजे कुठल्याही दिवशी देशातले साधारण पाव लोक साडेसातीत. ‘सध्या नवं काही सुरू करू नका’ असा सल्ला ऐकून माणूस गप्प बसतो, अर्थातच काही चांगलं घडत नाही, आणि ज्योतिषी बरोबर ठरतो.

एवढ्यावरून निराशावादी नेहमी चुकतो असं म्हणता येत नाही. खरी सरासरीच 30 च्या खाली असेल, तर तो शहाणा. लॉटरी न घेणारा शहाणाच. आणि नैराश्य हा आजार वेगळा. तिथे हे सूत्र पुरत नाही, डॉक्टर लागतो.

मला जास्त खटकतो तो 30 चा आकडा. तो मनाचा गुण नाही, प्रयत्नाला काय लागतं आणि तो फसला तर काय जाईल याचा हिशेब आहे. वीस एकरवाला शेतकरी अर्ध्या एकरात नवं वाण लावून बघतो. फसलं तर फसलं. दोन एकर कोरडवाहू असलेल्याचं तेवढंच फसलं, तर वर्षाच्या धान्याचा चौथा हिस्सा गेला. त्याचा आकडा 30 नाही, 60 आहे. बांधावर उभा राहून त्याला ‘हे लोक बदलायलाच तयार नसतात’ म्हणणाऱ्या साहेबाने आपला पगार दर महिन्याला येतो, हे गणितात धरलेलं नसतं.