इच्छामरणाचं इंजेक्शन? कायद्यात तसं काही नाही

पंचवटीत कुणाचे वडील व्हेंटिलेटरवर गेले, की आयसीयूबाहेर एखादा पाहुणा हमखास सांगतो, ‘आता कायदा झालाय, अर्ज करा, डॉक्टर इंजेक्शन देतात. अरुणा शानभागला दिलंच की!’

दोन्ही खोटं. अरुणा शानभाग म्हणजे मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षे अचेत पडून असलेल्या परिचारिका. त्यांना इच्छामरण मिळावं ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. २०१५ मध्ये त्या न्यूमोनियाने गेल्या. २०१८ च्या निकालाने मुभा दिली ती बरं होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार थांबवण्याची. जीव घेणारं इंजेक्शन आजही गुन्हाच आहे.

‘अशी वेळ आली तर माझे उपचार थांबवा’ असं आधीच लिहून ठेवणारं आगाऊ इच्छापत्र (लिव्हिंग विल) दोन साक्षीदारांसमोर करून नोटरीकडे साक्षांकित करता येतं. (२०२३ पर्यंत न्यायदंडाधिकारी लागायचा, कोण जाणार त्या वाटेला?) प्रत्यक्षात उपचार थांबवताना घरच्यांची संमती लागतेच, पण तेवढ्यावर भागत नाही, तीन-तीन डॉक्टरांच्या दोन मंडळांचा होकार लागतो.