आठव्या महिन्यातलं बाळ जगत नाही?

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे बाळंतिणीच्या उशाशी बसून आजही बोललं जातं. कृपा करून बोलू नका, ते साफ खोटं आहे. समजूत मात्र फार जुनी, प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांतही सापडते.

फुप्फुसात सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ असतो. श्वास सोडल्यावर हवेच्या इवल्या पिशव्या मिटू नयेत, हे त्याचं काम. तो बहुधा ३४ आठवड्यांच्या सुमारास पुरेसा होतो. म्हणून पोटात निघालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा तयार असतं.

असं लवकर जन्मलेलं बाळ घरी आणल्यावर त्याला ऊब मिळावी म्हणून फक्त लंगोट, टोपी, मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी उभं धरा, मान एका बाजूला, नाक मोकळं. वरून पदर. आई दमली की बाबांनी धरावं.