मेकॅनिकलला एम.टेक. करायचंय? मग गणपतीआधी कागद काढा

आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरात फॉर्म भरायला कोणाला वेळ असतो? माटवी बांधायची, चाकरमान्यांना स्टेशनवरून आणायचं, त्यात पावसाने लाइट गेलेली आणि रेंजही. नेमकी त्याच सुमारास गेटची, म्हणजे एम.टेक.च्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेची, नोंदणी चालू असते. शेवटच्या तारखेची वाट बघू नका.

परीक्षा फेब्रुवारीत. पेपर एमई (मेकॅनिकलचा), तीन तास, 65 प्रश्न, 100 गुण. त्यातले 15 गुण सामान्य क्षमतेचे. वयाची अट नाही. तिसऱ्या वर्षाला असलात तरी बसता येतं, आणि स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. तेव्हा तिसऱ्या वर्षी बसाच.

पुढे वाटा तीन. आयआयटीला प्रत्येक संस्थेचा अर्ज वेगळा, ऑफर मात्र सीओएपी या सामायिक पोर्टलवर येते. एनआयटीसाठी सीसीएमटी ही केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. राज्यातल्या कॉलेजांसाठी राज्याच्या सीईटी सेलची कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेऱ्या; तिथे पदवीला किमान 50 टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गाला 45. गेट दिलेली नसली तरी कॅपला अर्ज करता येतो, पण आधी जागा गेटवाल्यांना.

खरी गोची दाखल्यांत आहे. डिप्लोमा, डिग्रीला चाललेलं नॉन-क्रिमीलेअर मी सीसीएमटीलाही लावणार होतो. ते राज्याच्या नमुन्यातलं. तिथे केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, तोही चालू आर्थिक वर्षातला. म्हणजे 1 एप्रिलनंतर काढलेला. तहसीलच्या खेपा घालताना एसटीच्या तिकिटांचाच गठ्ठा झाला. एनटी, एसबीसी हे गट केंद्रात नाहीत, म्हणून आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी बघा. ईडब्ल्यूएसचा दाखलाही दरवर्षी नवा. कॅपसाठी डोमिसाइल आणि जात वैधता हाताशी ठेवा. वैधता नसेल तर आजच अर्ज टाका, ती चार दिवसांत मिळत नाही. दहावीच्या मार्कलिस्टवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, तेही बघा.

गेटवर पूर्णवेळ प्रवेश मिळाला आणि कॉलेज एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्य असलं, तर महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळू शकतं. त्यासाठी खातं स्वतःच्या एकट्याच्या नावावर आणि आधारला जोडलेलं हवं. आईबरोबरचं जॉइंट किंवा मर्यादा असलेलं जनधन खातं चालत नाही. साधं बचत खातं आताच उघडून ठेवा. प्रवेशानंतर या विद्यावेतनासाठीचा विद्यार्थी आयडी कॉलेजच तयार करतं, तो वेळेत झाला का हे ऑफिसात जाऊन स्वतः विचारा.