वैद्यकीय ग्रंथालयाची इमारत : आराखडा आणि नूतनीकरण

वैद्यकीय महाविद्यालय, रुग्णालय किंवा संशोधन संस्था यांच्या ग्रंथालयाची वास्तू. तिचे जुने आराखडे माणसांपेक्षा वजनाचा विचार करून आखलेले दिसतात. वैद्यकातली नवी माहिती आधी नियतकालिकांत येते, आणि वर्षाचे अंक एकत्र बांधून जाडजूड खंड करण्याची रीत होती. छायाचित्रे नीट उमटावीत म्हणून त्यांचा कागद लेप दिलेला, गुळगुळीत आणि जड. अमेरिकी मानकांत वाचनकक्षाच्या स्लॅबसाठी दर चौरस मीटरला सुमारे २९० किलो भार धरतात, तर ग्रंथसाठ्याच्या दालनासाठी सुमारे ७३० किलो. रुळांवर सरकणारी, एकमेकांना खेटून बसणारी कपाटे (कॉम्पॅक्टर) बसवायची तर तोही पुरत नाही. म्हणून साठा बहुधा खाली जातो. अमेरिकेत बेथेस्डा येथील नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या १९६१ मध्ये उद्घाटन झालेल्या इमारतीत ग्रंथांची मुख्य दालने जमिनीखालीच आहेत.

तळघरात भीती पाण्याची. लेपाचा कागद भिजून तसाच वाळला की पाने एकमेकांना चिकटतात आणि खंडाची अक्षरशः वीट होते. भिजलेले खंड तातडीने गोठवले तरच वाचण्याची आशा. साठ्याच्या डोक्यावरून पाण्याचे नळ नेऊ नयेत, हा साधा नियम रुग्णालयाच्या इमारतीत पाळणे मात्र अवघड जाते.

१९७१ मध्ये मेडलाइन ही वैद्यकीय लेखांची संगणकीय सूची ऑनलाइन आली, १९९६ मध्ये ती इंटरनेटवर शोधण्याची पबमेड ही सोय, मागोमाग नियतकालिकेही पडद्यावर आली. खंड हलले, दालने रिकामी झाली. ‘तिथे टेबले मांडा’ म्हणणे सोपे. काही जुन्या इमारतींत लोखंडी मांडण्याच वरच्या मजल्याची फरशी पेलतात. त्या काढल्या तर फरशीच खाली येईल. अशा मजल्यांची उंची जेमतेम सव्वादोन मीटर, उजेड नाही, प्लग पॉइंट नाहीत. एरवी स्लॅब भक्कम असतो, पण जिने, स्वच्छतागृहे, आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटा मूठभर कर्मचाऱ्यांपुरत्या. नूतनीकरणाचा बराचसा खर्च फर्निचरवर न होता इथेच होतो.

रात्रपाळीचे डॉक्टर आणि परीक्षार्थी यांच्यासाठी चोवीस तास उघडा राहणारा भाग हवा. त्याला स्वतंत्र दार आणि स्वच्छतागृह नसेल, तर दोन टेबलांसाठी अख्खी इमारत उघडी ठेवावी लागते. अस्थिसंच आणि शरीराच्या प्रतिकृती वाचकांना देण्याची सोय असेल, तर त्यांच्यासाठी खोल कपाटे आणि बोलायला मोकळीक असलेले टेबल लागते. कारण हाड हातात घेऊन शिकणारा गट शांत बसत नाही. आराखड्यात ही जागा सुटली, की त्या पेट्या देवघेवीच्या काउंटरखाली जाऊन बसतात.